अल्कांताराचे ३९५ गोल, आणि त्यात ला लीगाचा एकही नाही

मेस्सीचा विषय निघाला की पाउलिनो अल्कांतारा या फिलिपिनो फुटबॉलपटूबद्दलचा एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: फिलिपिन्सहून बार्सिलोनाला खेळायला गेलेल्या या मुलाने स्पॅनिश लीगमध्ये ३९९ सामन्यांत ३९५ गोल केले, हा विक्रम ८७ वर्षं टिकला आणि २०१४ मध्ये मेस्सीने मोडला, त्याच्या फटक्याने गोलची जाळी फाटायची, आणि युरोपात नाव झाल्यावर तो मायदेशासाठी कधी खेळला नाही. माणूस खरा आणि खेळाडू म्हणून खरोखर मोठा. म्हणूनच त्याच्या नावावर चुकीचा हिशेब खपवला जाऊ नये.

पहिली चूक सर्वांत मोठी. ला लीगा, म्हणजे स्पॅनिश लीग, सुरू झाली फेब्रुवारी १९२९ मध्ये. अल्कांतारा निवृत्त झाला जुलै १९२७ मध्ये. म्हणजे लीगमधले त्याचे गोल शून्य. त्याच्या काळी बार्सिलोना कातालुन्या या आपल्या प्रांताची स्पर्धा खेळायचा आणि तिथे अव्वल आला तर कोपा देल रे, म्हणजे स्पेनची राष्ट्रीय चषक स्पर्धा. या दोन्ही स्पर्धा मिळूनही मोसमात हाताच्या बोटांवर मोजण्यापेक्षा थोडेच जास्त सामने होत. उरलेल्या तारखा मैत्रीपूर्ण सामन्यांनी भरायच्या. आता साधा भागाकार करा: साधारण १३ मोसमांत ३९९ सामने, म्हणजे मोसमाला सुमारे ३०. एवढे स्पर्धात्मक सामने तेव्हा उपलब्धच नव्हते. त्या ३९५ गोलांमधला मोठा भाग मैत्रीपूर्ण सामन्यांचा आहे, हे या आकड्यातूनच कळतं.

दुसरी चूक गोलांच्या हिशेबाच्या दोन वेगळ्या वह्या एकत्र केल्यामुळे झाली. मेस्सीने १६ मार्च २०१४ रोजी ओसासुनाविरुद्ध (७-०) तीन गोल केले आणि तो ३७१ वर पोचला. त्या दिवशी मागे पडलेला अल्कांताराचा आकडा ३६९ होता. ३९९ सामन्यांत ३९५ हा क्लबने नंतर केलेल्या फेरमोजणीतून आलेला आकडा. त्यामुळे ‘मेस्सीने २०१४ मध्ये ३९५ चा विक्रम मोडला’ हे वाक्य कुठल्याच वहीत बसत नाही. शिवाय ३६९ आणि ३७१ या दोन्ही आकड्यांत मैत्रीपूर्ण सामने धरलेले आहेत. फक्त अधिकृत सामने धरले तर मेस्सीआधीचा विक्रम सेसार रोद्रिगेझचा होता, २३२ गोलांचा, आणि तो मेस्सीने २० मार्च २०१२ रोजी ग्रानादाविरुद्धच मागे टाकला होता. मेस्सी ‘क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू’ झाल्याची बातमी दोन वर्षांत दोनदा आली ती यामुळे. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या, मोजमाप वेगळं होतं. पुढे अधिकृत ६७२ गोल करून तो क्लब सोडून गेला, तेव्हा कुठलीही वही उघडली तरी पहिलं नाव त्याचंच निघतं.

हे सांगितलं की काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: मैत्रीपूर्ण सामने ना, मग ते गोल फुकटचेच! हेही तितकंच चूक. आजचा मोसमपूर्व सराव सामना डोळ्यांसमोर ठेवून १९२० चं मोजमाप करता येत नाही. परदेशी क्लबांचे दौरे हे तेव्हाचं मोठं आकर्षण होतं. लोक तिकीट काढून यायचे. लेस कॉर्ट्स हे बार्सिलोनाचं नवं मैदान मे १९२२ मध्ये सुरू झालं, तेही स्कॉटलंडच्या सेंट मिरेनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्याने. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सी. के. नायडूंनी डिसेंबर १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध केलेल्या १५३ धावा. ती कसोटी नव्हती. भारताची पहिली कसोटी १९३२ ची. म्हणून ती खेळी कुणी खोडून टाकत नाही, पण तिला कसोटी शतकही म्हणत नाही. अल्कांताराच्या गोलांना हाच न्याय लावायला हवा.

उलट त्याच्या बाजूने जाणारी एक गोष्ट या मजकुरात कधीच नसते: ऑफसाइडचा नियम. १९२५ पर्यंत पास निघताना आक्रमक आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे (गोलरक्षक धरून) किमान तीन खेळाडू लागायचे, नंतर दोन. तीनच्या नियमात दोन बचावपटूंपैकी एकाने थोडं पुढे सरकायचं, दुसऱ्याने मागे थांबायचं. एवढ्यावर आक्रमक ऑफसाइडच्या सापळ्यात सापडायचा, आणि सापळा फसला तरी मागचा सावरायला असायचा. नियम बदलल्याबरोबर इंग्लिश लीगमध्ये गोलांची संख्या एकदम वाढली. अल्कांताराची बहुतेक कारकीर्द गोल करणं कठीण असलेल्या जुन्या नियमात गेली.

‘फिलिपिन्सहून खेळायला गेला’ हेही खरं नाही. त्याचा जन्म फिलिपिन्समधल्या इलोइलोचा, ७ ऑक्टोबर १८९६ चा. तेव्हा फिलिपिन्स स्पेनची वसाहत होती. वडील स्पॅनिश लष्करी अधिकारी, आई इलोइलोची. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब बार्सिलोनाला गेलं. फुटबॉल तो तिथेच शिकला, आणि क्लबचे संस्थापक जोन गॅम्पर यांनी त्याला तिथल्याच एका छोट्या संघातून उचललं. फिलिपिन्समधली कारकीर्द त्यानंतरची: १९१६ मध्ये आईवडील परतले, त्यांच्यासोबत तोही गेला आणि मनिलात बोहेमियन क्लबकडून खेळला.

मायदेशासाठी न खेळल्याचा आरोप तर एका सामन्यातच कोसळतो. १९१७ मध्ये टोकियोत झालेल्या सुदूर पूर्व क्रीडास्पर्धेत तो फिलिपिन्सच्या संघात होता, आणि त्या संघाने जपानला १५-२ असं हरवलं. फिलिपिन्सचा तो आजही सर्वांत मोठा विजय आहे. स्पेनचा क्रम नंतरचा. १९२० च्या ऑलिंपिकसाठी निवड झाली होती, पण वैद्यकीय शिक्षणाच्या परीक्षा होत्या म्हणून तो गेला नाही. पदार्पण ऑक्टोबर १९२१ मध्ये, बेल्जियमविरुद्ध, आणि २-० मधले दोन्ही गोल त्याचे. स्पेनसाठी एकूण ५ सामने, ६ गोल. दोन देशांकडून खेळण्यावर आजच्यासारखे निर्बंध तेव्हा नव्हते. फिलिपिन्स तर फिफाचा सदस्य झाला १९३० मध्ये.

आता जाळी. ‘फाटायची’ नव्हे, फाटली: ३० एप्रिल १९२२, बोर्दो, फ्रान्सविरुद्ध, स्पेनचा ४-० विजय. त्यावरून ‘रोम्पेरेदेस’, म्हणजे जाळी फोडणारा, हे नाव पडलं. त्या काळच्या जाळ्या नायलॉनच्या नव्हत्या. सुताचा किंवा तागाचा दोरा पावसात भिजतो, उन्हात वाळतो आणि आधी गाठीपाशी कुजतो. चेंडूचा घेर सुमारे ७० सेंमी. जाळीचं एकेक घर समजा १० सेंमी बाजूचं, तर त्याचा घेर ४०. एक दोरा तुटला की दोन घरं मिळून ६०, अजून अडतो. शेजारचा दुसरा तुटला की ८०, आणि चेंडू आरपार. फटका जबरदस्त असणारच, पण फक्त दोन कमजोर दोरे पुरे होतात. त्याची खरी ताकद पाहायची तर बार्सिलोनासोबत जिंकलेल्या १० कातालुन्या स्पर्धा आणि ५ कोपा पाहाव्यात.

तिशीत खेळ सोडून तो डॉक्टर झाला, हे मात्र बरोबर. १९५१ मध्ये त्याने तीन सामन्यांत स्पेनच्या संघाची धुराही सांभाळली. स्पेनच्या यादवी युद्धात तो पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूने होता. हा भाग गौरवाच्या मजकुरातून गाळला जातो, गाळू नये.

एक नोंद मात्र या मजकुरात असायला हवी होती आणि ती नसते. २५ फेब्रुवारी १९१२ रोजी कताला क्लबविरुद्ध बार्सिलोना ९-० ने जिंकला आणि त्यातले पहिले तीन गोल पदार्पण करणाऱ्या अल्कांताराचे होते. वय १५ वर्षं, ४ महिने, १८ दिवस. एप्रिल २०२३ मध्ये लामिन यमाल बार्सिलोनाकडून पहिल्यांदा उतरला तेव्हा तो १५ वर्षं, ९ महिने, १६ दिवसांचा होता, म्हणजे लीगपुरता क्लबचा सर्वांत लहान. अधिकृत सामन्यांची पूर्ण वही उघडली तर तो अल्कांताराच्या मागेच आहे.