टेक्सासात तसं काही घडलंच नव्हतं

दर काही महिन्यांनी तीच पोस्ट फिरत फिरत येते. यूट्यूबवर 'सिनेमा समजावून सांगणाऱ्यांचा' तर हा हक्काचा माल आहे. मजकूर साधारण असा: 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' हा १९७४चा सिनेमा शंभर टक्के सत्यघटनेवर आहे. १८ ऑगस्ट १९७३ला टेक्सासमधल्या एका नरभक्षक कुटुंबाने तरुण पोरापोरींना यांत्रिक करवतीने कापून खाल्लं. त्यातला कातडी मुखवटेवाला म्हणजे एड गीन हा खराखुरा खुनी. आणि सिनेमा इतका रक्तबंबाळ की ब्रिटनने त्यावर बंदी घातली. शेवटी 'हृदय कमजोर असेल तर पाहू नका' हे आलंच.

तारखेचा निकाल एका ओळीत लागतो. सिनेमाचं चित्रीकरण १९७३च्या जुलै-ऑगस्टमध्येच टेक्सासमध्ये राउंड रॉकच्या आसपास चालू होतं. म्हणजे घटना घडायच्या आधीच तिच्यावरचा सिनेमा बनत होता! ती तारीख येते सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवरून. जॉन लॅरोकेट या नटाच्या गंभीर आवाजात ती वाचली जाते, त्यामुळे बातमी ऐकल्यासारखं वाटतं, एवढंच.

आता एड गीन. हा माणूस खरा आहे, पण टेक्सासचा नाही. विस्कॉन्सिन राज्यातलं प्लेनफील्ड हे त्याचं गाव, टेक्सासपासून पार उत्तरेला. कुटुंब म्हणाल तर भाऊ १९४४ला गेला, आई १९४५ला, आणि त्यानंतर तो शेतावरच्या घरात एकटाच राहत होता. १६ नोव्हेंबर १९५७ला गावातल्या हार्डवेअर दुकानाची मालकीण बर्निस वर्डन गायब झाली. हरणांच्या शिकारीचा मोसम नुकताच उघडला होता, गावातले पुरुष रानात. तिचा मुलगा स्वतः डेप्युटी शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी. तो परत येऊन बघतो तर दुकानात रक्त सांडलेलं, गल्लापेटी जागेवर नाही, आणि शेवटची पावती अँटीफ्रीझची, म्हणजे थंडीत गाडीतलं पाणी गोठू नये म्हणून घालायच्या द्रवाची. अँटीफ्रीझ न्यायला येतो असं गीन सांगून गेला होता, हे मुलाला आठवलं. त्याच रात्री गीनच्या शेडमध्ये तिचा मृतदेह सापडला, मारलेल्या हरणासारखा उलटा टांगलेला.

घरात मानवी कातडीचे मुखवटे, कातडी मढवलेल्या खुर्च्या, कवटीचे कटोरे सापडले. इथपर्यंत सगळं खरं आहे, आणि सिनेमाने उचललंय ते एवढंच. पण यातला बराचसा ऐवज गीनने कबरी उकरून आणला होता. पोलिसांनी काही कबरी उघडून ते पडताळूनही पाहिलं. त्याने कबूल केलेले खून दोन: वर्डनचा, आणि १९५४ मधला मेरी होगन या गुत्तेवालीचा. दोघींनाही गोळी घातलेली. करवतीचा कुठे संबंधच नाही. माणसाचं मांस खाल्ल्याची कुजबुज गावात आणि वर्तमानपत्रांत तेव्हाच सुरू झाली होती, पण ते कधीच सिद्ध झालं नाही. खटला चालला तो एकाच खुनाचा. कोर्टाने त्याला वेडसर ठरवून मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९८४ला तो तिथेच मेला. म्हणजे पोस्टमधल्या त्या ऑगस्टात एड गीन कुलुपात होता.

मग करवत आली कुठून? दिग्दर्शक टोबी हूपरने स्वतःच सांगितलंय: ख्रिसमसच्या खरेदीत गर्दीने भरलेल्या दुकानात तो अडकला होता, समोर करवती मांडलेल्या दिसल्या, आणि या गर्दीतून वाट काढायची तर हीच बरी, असा विचार मनात आला. गंमत म्हणजे नावात करवत असूनही सिनेमात तिने मारला जातो एकच जण. हातोड्याचा वापर त्याहून जास्त आहे.

रक्ताचंही तसंच. हूपरला हा सिनेमा सौम्य प्रमाणपत्रात बसवायचा होता म्हणून रक्त हात राखूनच दाखवलंय. मांस टांगायच्या लोखंडी आकड्यावर मुलीला अडकवतात तो कुप्रसिद्ध प्रसंग पुन्हा बघा, आकडा अंगात घुसताना दिसतच नाही. माणूस खाणंही उघडपणे दिसत नाही. ते आपल्याला कळतं पेट्रोल पंपावरच्या भाजलेल्या मांसावरून आणि नंतरच्या जेवणाच्या टेबलावरून. ब्रिटनच्या सेन्सॉरने १९७५ला प्रमाणपत्र नाकारलं हे खरं. पण त्यांची पंचाईत वेगळीच होती. कात्री लावून बघितली तर भीती काही कमी होईना, कारण ती एखाद्या दृश्यात नव्हतीच. १९९९ला त्याच ब्रिटनने एकही कट न देता सिनेमा पास केला.

'अहो, पण दिग्दर्शकानेच सत्य म्हटलंय ना?' म्हटलंय, आणि जाणूनबुजून खोटं म्हटलंय. व्हिएतनामचं युद्ध, अध्यक्ष निक्सनना भोवलेलं वॉटरगेट प्रकरण, पेट्रोलची टंचाई, सगळ्याच बाबतीत सरकार आपल्याशी खोटं बोलतंय असा त्याचा राग होता. चित्रीकरणाच्या त्याच उन्हाळ्यात वॉटरगेटची चौकशी टीव्हीवर दिवसभर चालू होती. ही पाटी त्या रागाचा भाग. मला विचाराल तर सिनेमातलं खरं सापडतं ते इथे. त्या कुटुंबाचा पिढीजात धंदा कत्तलखान्यातला. गाडीत लिफ्ट मागून चढलेला पोरगा सांगतो की जनावर हातोड्याने मारणंच बरं होतं, हवेची बंदूक आली आणि लोकांची कामं गेली. १९७३च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या गृहिणींनी महागाईमुळे मांसावर बहिष्कार टाकला होता. सिनेमातल्या पंपावर पेट्रोल नाही, आहे ते फक्त मांस. खुन्याच्या फाइलपेक्षा हे सगळं त्या वर्षीच्या वर्तमानपत्रांच्या जास्त जवळ आहे.

जाता जाता आणखी एक. याच पोस्टच्या लांबलचक आवृत्तीत हॅनिबल लेक्टर, म्हणजे 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मधला नरभक्षक डॉक्टर, हाही गीनच्या नावावर खपवलेला असतो. त्या कथेत गीनची छाया आहे ती बफेलो बिल या दुसऱ्याच पात्रावर. लेक्टर सुचला तो मेक्सिकोतल्या मॉन्टेरीच्या तुरुंगात भेटलेल्या एका डॉक्टरवरून, असं लेखक थॉमस हॅरिसने २०१३ला लिहिलं. त्या डॉक्टरला शिक्षा झाली होती ती खुनाची, माणूस खाल्ल्याची नाही.