गोळ्या फेका, भजनाला या? त्या फॉरवर्डचा समाचार

"इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी गोळ्या लिहिणं सोडलं! आता चिठ्ठीवर गाणं, बागकाम आणि गप्पा. एकटेपणा म्हणजे रोज 15 सिगारेटी. हार्वर्डनं ऐंशी वर्षं अभ्यास करून हेच सिद्ध केलं. आपल्याकडे तर एकत्र कुटुंब, कट्टा, भजनी मंडळ पूर्वापार आहेच. तेव्हा बीपी-शुगरच्या गोळ्या फेका, मंडळात या. एक पैसा लागत नाही."

या आशयाचा मजकूर ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, शेवटचे जोडलेले हात मात्र कायम. मजकूर सपशेल खोटा असता तर दुर्लक्ष करता आलं असतं. पण यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा कुठल्यातरी खऱ्या गोष्टीचा आहे आणि जोडणी चुकीची आहे. म्हणून एकेक तुकडा सुटा करून पाहू.

"डॉक्टरांनी गोळ्या लिहिणं सोडलं." नाही सोडलं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, 'सोशल प्रिस्क्रायबिंग' (रुग्णाला औषधांपलीकडच्या मदतीशी आणि गटांशी जोडून देणं) आहे हे खरं. पूर्व लंडनच्या ब्रॉम्ली-बाय-बो केंद्रासारख्या ठिकाणी ते आधीपासून चालत होतं. जानेवारी 2019 च्या दीर्घकालीन आराखड्यात त्याला देशभर जागा मिळाली: आधी ही जोडणी करून देणारे हजारभर 'लिंक वर्कर' नेमायचे आणि 2023-24 पर्यंत किमान 9 लाख लोकांना त्यांच्याकडे पाठवायचं. पण त्याच इंग्लंडमध्ये 2022-23 या एका वर्षात नैराश्यावरच्या औषधांच्या सुमारे 8.6 कोटी चिठ्ठ्या दिल्या गेल्या, अंदाजे 86 लाख रुग्णांना. म्हणजे गाणं-बागकाम आलं ते औषधांच्या जोडीला, औषधांच्या जागी नव्हे.

शिवाय 'चिठ्ठीवर गाणं' हे चित्रही फसवं आहे. डॉक्टर 'सकाळ-संध्याकाळ एक भजन' असं लिहीत नाही. तो माणसाला लिंक वर्करकडे पाठवतो. हा लिंक वर्कर डॉक्टरच्या दहा मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ बसतो आणि विचारतो की तुमचं नेमकं अडलंय कुठे. उत्तर पुष्कळदा गाण्याचं नसतंच. घरभाडं थकलेलं असतं, कर्ज डोक्यावर असतं, नवरा गेल्यावर बँकेची कामं जमत नसतात. मग कर्जसल्ला, घराचा अर्ज, सरकारी मदतीचा फॉर्म ही कामं आधी होतात. बागकामाचा गट त्यानंतर, तोही त्या माणसाला हवा असेल तर, आणि पहिल्या दिवशी लिंक वर्कर कधी कधी सोबत जातो. फॉरवर्डनं यातलं बागकाम तेवढं उचललं, माणूस वगळला. माझं सगळं भांडण या वगळण्याशी आहे.

"एकटेपणा म्हणजे रोज 15 सिगारेटी." याचं मूळ 2010 सालच्या एका संशोधनात आहे. अमेरिकेतल्या ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी 148 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत 3,08,849 माणसं होती. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम, त्यांची तगून राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त दिसली. हा परिणाम किती मोठा हे कळावं म्हणून तो धूम्रपानाशी ताडून पाहिला गेला. त्यातून सिगारेटी आल्या आणि त्या पुढे मंत्र्यांच्या भाषणांपर्यंत पोचल्या. पण तिथे मोजले होते ते संबंध. 'मला एकटं वाटतं' ही भावना त्यातला एक भाग होती. आणि हा सहसंबंध आहे. आजारी माणूस घराबाहेर पडत नाही म्हणूनही एकटा पडतो, ही उलटी वाट पुरती बंद करता येत नाही. सिगारेट सोडल्यानं काय होतं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. चार मित्र वाढवल्यानं आयुष्य किती वाढतं, याचं तसं ठाम उत्तर या आकड्यात नाही.

याच संशोधनातली दुसरी गोष्ट फॉरवर्ड करणाऱ्यांनी जरूर वाचावी. संबंध वेगवेगळ्या पद्धतींनी मोजले होते. माणसाचा नात्यांत, मित्रांत, संस्थांत किती अंगांनी वावर आहे असं मोजलं तिथे फरक सर्वांत मोठा निघाला, 91 टक्के. नुसतं 'एकटा राहतो की कुणाबरोबर' एवढंच मोजलं तिथे सर्वांत लहान, 19 टक्के. घरात माणसं असणं ही सर्वांत कमी सांगणारी खूण ठरली.

हार्वर्डचं थोडक्यात आटपतो. तो अभ्यास 1938 साली 268 हार्वर्ड विद्यार्थ्यांपासून सुरू झाला, मग बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली 456 मुलं त्याला जोडली गेली. सगळे पुरुष, सगळे गोरे. बायका-मुलं पुष्कळ नंतर आली. चांगल्या नात्यांतली माणसं म्हातारपणी जास्त निरोगी आणि समाधानी दिसली, हे मोलाचं निरीक्षण आहे. त्यात कुणाच्याही गोळ्या बंद करून पाहिलेल्या नाहीत.

आता सर्वांत धोक्याचं वाक्य. "बीपी-शुगरच्या गोळ्या फेका." रक्तदाब वाढलेला बहुतेकांना जाणवतच नाही. त्यामुळे गोळी बंद केल्यावर चार दिवस 'छान वाटणं' हा काहीच पुरावा नाही. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब उसळी मारतो. नैराश्यावरच्या गोळ्या अचानक सोडल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं हे त्रास होऊ शकतात. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं, मग मंडळ कितीही प्रेमळ असो.

समूहाचा आणि गोळ्यांचा संबंध खरा कसा असतो, ते बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या खेड्यांत झालेल्या चाचणीत दिसतं; ती 2020 साली प्रसिद्ध झाली. सरकारी आरोग्य सेविका-सेवक घरोघर जात, रक्तदाब मोजत, मीठ-व्यायामाबद्दल बोलत आणि दाब जास्त असलेल्यांना प्रशिक्षित डॉक्टरकडे पाठवत. दोन वर्षांनी वरचा रक्तदाब नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे 5 मिमीनं जास्त उतरला. दारात येणारं माणूस आणि नियमित औषध, दोन्ही मिळून.

मग गाणं, व्यायाम, गट यांचा उपयोगच नाही? आहे, आणि तो नेमका सांगता येतो. इंग्लंडच्या ईस्ट केंटमध्ये साठीपुढच्या 258 जणांची चाचणी झाली. काहींना दर आठवड्याला गटात गायला बोलावलं, बाकीचे नेहमीसारखे राहिले. गाणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं, चिंता आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. साठीपुढच्यांच्या नियमित व्यायामानं, विशेषतः तोल सांभाळण्याच्या व्यायामानं, पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटतं, हा तर भक्कम पुरावा आहे. (नुसत्या फेऱ्या मारण्याबद्दल तो तितका भक्कम नाही, बागेतल्या मंडळींना हे आवडत नाही.) उलट लिंक वर्करची संपूर्ण पद्धत तपासणाऱ्या 2017 च्या आढाव्यात 15 मूल्यमापनं हाती लागली, बहुतेक लहान आणि सदोष. तेव्हा ठोस निष्कर्ष काढता आला नाही. म्हणजे उत्साही समर्थकांनाही जरा दमानं घ्यावं लागेल.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा गोव्याचा आहे, आणि तो मराठी गटांवर कधी फिरताना दिसत नाही. 'संगत' या संस्थेनं गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांबरोबर चाचणी केली. निष्कर्ष 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं होती. सहा ते आठ भेटींत ती रुग्णाला बंद पडलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीनं परत नेत: बाहेर पडणं, कुणाला तरी भेटणं, आवडीचं काही करणं, अडलेला प्रश्न सोडवणं. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 39 टक्के. 'मन रमव' असा सल्ला त्यांना आधीही मिळालाच असणार. फरक पडला तो आठवड्यानं पुन्हा समोर बसून 'मागच्या वेळचं जमलं का, नसेल तर कुठे अडलं' असं विचारणाऱ्या माणसामुळे.

"आपल्याकडे हे पूर्वापार आहेच." काही प्रमाणात आहे. पण कट्ट्यावर बायका किती? दुपारच्या महिला भजनी मंडळात अंथरुणाला खिळलेल्या सासूला सांभाळणारी सून येते का? ऐकू कमी येणारे आजोबा हळूहळू का गळतात, तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्ट नसलेल्या घरातल्या काकू कधीपासून दिसल्या नाहीत, दलित वस्तीतल्या म्हातारीला कुठलं मंडळ मनापासून बोलावतं? आपली मंडळं येणाऱ्यांसाठी उत्तम आहेत. सोशल प्रिस्क्रायबिंगचा सगळा खटाटोप न येणाऱ्यांसाठी असतो.

त्यांच्यापर्यंत पोचायचं तर "एक पैसा लागत नाही" हेही खोटं ठरतं. लिंक वर्करला पगार लागतो, गटाला खोली लागते. इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाचा निधी आटतो तेव्हा लिंक वर्कर हजर असतो, पण पाठवायचं कुठे हा प्रश्न पडतो. आपल्याकडे नाशिकच्या पेठ तालुक्यात आणि पुढे गुजरातेत मेहसाण्यात 'आत्मीयता' उपक्रमानं गावातल्याच स्वयंसेवकांना खचलेल्या माणसाशी बोलायला आणि सरकारी योजनांपर्यंत त्याला न्यायला शिकवलं. त्यामागेही प्रशिक्षण, देखरेख आणि संस्थेचं पाठबळ होतं.

कुठल्या घरात कोण एकटं पडलंय, हे गावात सर्वांत आधी आशाताईला कळतं. 2005 पासून साधारण हजार लोकवस्तीमागे एक अशी त्यांची रचना आहे. त्यांचा मोबदला मात्र मुख्यतः प्रसूती, लसीकरण, फॉर्म भरणं अशा मोजता येणाऱ्या कामांवर बेतलेला आहे, आणि तो वाढवून वेळेवर मिळावा म्हणून त्यांना आझाद मैदानात बसावं लागतं. मंडळांना फॉरवर्डच करायचं असेल तर त्यांच्या मागण्यांचं पत्रक करा. आणि मन फारच खचलेलं असेल तर 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फिरवा. तो फोन खरोखरच फुकट आहे.