शेटची ओल आणि पान्याची शिडी

शेट कट्ट्यावर टेकला आणि फोन पालथा ठेवला, तेव्हाच कळलं की वरच्या मजल्यावरून मेसेज आलाय. ओलीची भानगड सगळ्यांना पाठ आहे : वर शेटचं भाड्याने दिलेलं घर, त्याचं बाथरूम गळतं आणि खालच्याचं छत ओलं होतं. नवीन एवढंच, की भाडेकरूने या महिन्याचं भाडं अर्धंच पाठवलंय.

"डिपॉझिटमधून कापणार," शेट म्हणाला. "खालच्याचं छत गेलं, तेही कापणार. जाताना रंगही कापणार."

"त्यालाच काप ना, एकदाचा विषय संपेल," बंड्या म्हणाला. बंड्या जन्माचा भाडेकरू. घरमालक हा शब्द ऐकला तरी त्याला खोकला येतो.

पान्याने नेहमीसारखं खाली बघत विचारलं, "गळतं कधी?"

"कधी म्हणजे?"

"सतत, की आंघोळीनंतर?"

शेटला सांगता येईना. भाडं कुठल्या तारखेला किती वाजता जमा झालं ते मिनिटासकट सांगेल, पण छत कधी ठिबकतं याचा पत्ता नाही.

"रात्रंदिवस ठिबकत असेल तर बहुतेक दाबाची लाइन, म्हणजे नळांना पाणी आणणारा पाइप. आंघोळीनंतर सुरू होऊन दुपारी थांबत असेल तर ड्रेन नाहीतर जमीन," पान्या म्हणाला. "आधी सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून घे. तासभर कुणी पाण्याला हात लावायचा नाही. आकडा सरकला तर एकतर लाइन गळतेय किंवा फ्लशची टाकी. टाकीत रंग टाक, वीस मिनिटं फ्लश करू नको. भांड्यात रंग उतरला तर टाकीतला वॉशर गेला."

"आणि आकडा हललाच नाही तर?" मास्तरांनी विचारलं. मास्तरांना प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू लागते, मग ती असो वा नसो.

"तर एकेक गोष्ट वेगळी तपासायची. पहिल्या दिवशी बाथरूमच्या जाळीत नळी खोल घालून नुसतं पाणी सोडायचं, फरशी कोरडी ठेवायची. खाली ओल वाढली तर पाइपाचा सांधा. नाही वाढली तर दुसऱ्या दिवशी जाळी बुचाने बंद करायची, फरशीवर इंचभर पाणी साठवायचं, पातळीची खूण करायची आणि २४ तास थांबायचं. बाजूला पाण्याची एक बादली ठेवायची, म्हणजे वाफ होऊन किती गेलं ते कळतं. त्यातही काही नाही, तर तिसऱ्या दिवशी नुसत्या भिंतीवर शॉवर. लोक तिन्ही एकाच दिवशी करतात, छत ओलं होतं, आणि काय गळतंय ते पुन्हा कळत नाहीच."

"आमचा माणूस म्हणाला, फरश्यांच्या फटीत व्हाइट सिमेंट भरलं की काम होतं."

"होतं. त्या माणसाचं."

बंड्याने टाळी दिली. पान्याने ती घेतली नाही. तो रंगात आला होता आणि कट्ट्याच्या दगडावर बोटाने नकाशा काढत होता. "फट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे रे. पाणी अडवणारा थर फरशीच्या खाली असतो. तो बहुतेक फुटतो दोन जागी : जाळीचा पाइप स्लॅबमधून उतरतो तिथे आणि भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात. जाळीभोवती फूटभर फरशी उखड. पाइपाभोवती आक्रसणार नाही असा ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंटचा भराव, भर. मग पॉलिमर सिमेंटचे दोन हात, पहिला उभा मारला तर दुसरा आडवा, भिंतीवर फूटभर चढवून. आणि फरशी बसवायच्या आधी पुन्हा पाणी साठवून बघ. हे शेवटचं कुणी करत नाही, कारण गवंड्याला दुसरीकडे जायचं असतं आणि मालकाला भाडं सुरू करायचं असतं."

"म्हणजे खर्च माझाच," शेटचा चेहरा पडला.

"थर जुना झाला तर तुझाच. भाडेकरूने आंघोळ केली म्हणून थर फुटत नाही."

"पण जाळीत केस कुणाचे? माझे?" शेटने टोपी काढून टक्कल दाखवलं. हा त्याचा दिवसातला एकमेव मुद्दा होता, आणि तो बिनतोड होता.

"तुंबलेली जाळी त्याने साफ करायची," पान्याने मान्य केलं. "छत महिनाभर गळतंय हे माहीत असून सांगितलं नाही, तर वाढलेल्या नुकसानीत त्याचाही वाटा. म्हणून तक्रार लेखी हवी. तारीख, फोटो, आणि तू कधी माणूस पाठवलास ते. फोनवर 'बघतो, बघतो' म्हणालास की तुझा पुरावा शून्य."

मग अर्ध्या भाड्यावरून जुंपली. बंड्याचं म्हणणं, अर्धं घर ओलं तर अर्धं भाडं, गणित सरळ आहे. शेट म्हणाला, "मग मी अर्धं पाणी तोडतो." एवढ्यावर मात्र पान्या आणि मास्तर दोघेही उसळले. पाणी-वीज तोडायची नाही, कुलूप बदलायचं नाही. भांडण भाड्याचं असलं तरी पुढे कोर्टात उभा तूच राहशील. आणि बंड्यालाही ऐकवलं की भाडं आपल्या मनाने कापणं हा शेवटचा उपाय, तोही कायदा कुठे मुभा देतो ते बघून. कपात ठरवायची तर आधी आकडा ठरवून दोघांनी लिहून द्यायचं. बंड्या खोकला.

खरं तर चर्चा इथेच संपायची, पण शेटने बेडरूमच्या काळ्या बुरशीचं प्रकरण उकरलं. "घरात कपडे वाळवतो, म्हणून बुरशी."

"असेल. नसेल. भिंतीवर फूटभर फॉइल लाव, चारी कडा टेपने पक्क्या कर, दोन दिवसांनी काढ. खोलीकडच्या बाजूला थेंब, तर हवेतली वाफ. खिडकी उघडायला सांग. भिंतीकडच्या बाजूला ओलं, तर भिंतच ओली. खिशात हात घाल."

"गिझरही गळायचा. व्हॉल्व्हमधून थेंब थेंब. मी त्याला बूच मारलं."

पान्याने पहिल्यांदा वर बघितलं. "काय मारलंस?"

"बूच."

"अरे, पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर गेलं की जवळजवळ चारशे मिलीने फुगतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर ते मागे जात नाही, म्हणून थेंब पडतात. तापताना पडलेच पाहिजेत. थंड असतानाही पडले तर दाब बघ नाहीतर व्हॉल्व्ह बदल. थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी तापतच राहिलं, तर तू बूच मारलंस तो सेफ्टी व्हॉल्व्हच टाकी वाचवतो. आत्ता फोन कर. गिझर बंद ठेवायला सांग, संध्याकाळी बूच काढ."

शेटने मुकाट्याने फोन सुलटा केला. भाडेकरू काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण शेट 'हो हो, चुकलंच' म्हणाला. हे वाक्य कट्ट्याने त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

परत बसला तो रंगाचा हिशेब घेऊनच. "तीन वर्षं राहिलाय. भिंती मळल्यात. सगळा रंग त्याच्या डिपॉझिटमधून."

"रंगाचं आयुष्य किती धरतोस?" मास्तर.

"पाच."

"तीन वर्षं वापरून झाली. म्हणजे त्याने मुद्दाम खराब केला असं सिद्ध झालं तरी तुला पाचातले दोन हिस्से. नुसता मळला असेल तर ती झीज, शून्य. आणि ताबा देतानाचे फोटो आहेत?"

नव्हते. किल्ल्या किती दिल्या तेही आठवेना.

"झीज-बीज मी मानत नाही," शेट गरजला. "वस्तू जशी दिली तशी परत हवी. नाहीतर नवी."

पान्या उठला. पँट झटकली. "माझी शिडी दोन वर्षांपूर्वी नेलीस. नवी होती. पायऱ्या आठ. परवा परत आणलीस, त्यात सात आहेत."

कट्टा गप्प. बंड्या हळूच पुढे सरकला.

शेटने एकदा शिडीवाल्याकडे, एकदा मास्तरांकडे बघितलं आणि म्हणाला, "अरे, ती झीज."