पाईप जाड केला की रेकंबंट ताठ होते?

घरी रेकंबंट (मागे रेलून, पाय पुढे ठेवून चालवायची) सायकल बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतो: "पेडल मारताना फ्रेम लवते? दुप्पट जाडीचा पाईप घ्या, जमलं तर क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद) घ्या, जोडांवर गसेट (कोपऱ्यात वेल्ड केलेला आधाराचा पत्रा) मारा." हे ऐकून नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या फॅब्रिकेटरकडे धावण्याआधी थांबा. तिन्ही गोष्टींत पैसे किंवा वजन वाया जातं, आणि त्या मानाने फ्रेम फारशी ताठ होत नाही.

"जाडी दुप्पट करा." पाईपचा ताठपणा जाडीच्या साधारण प्रमाणात वाढतो, व्यासाच्या मात्र घनाच्या प्रमाणात. 38 मिमी व्यासाचा, 1.6 मिमी जाडीचा पाईप मीटरला 1.44 किलो भरतो. त्याची जाडी 3.2 केली तर ताठपणा 1.76 पट होतो आणि वजन 2.75 किलोवर जातं. त्याऐवजी 1.6 जाडीचाच दोन इंची (50.8 मिमी) पाईप घेतला तर ताठपणा जवळजवळ अडीच पट, वजन फक्त 1.94 किलो. हिशेब इतका सरळ असताना लोक अजून जाडीच्या मागे का लागतात, कळत नाही. बॉक्स पाईप सरळ कापून जोडता येतो म्हणून अनेकांना सोयीचा वाटतो. पण 40 × 40 × 1.6 चा बॉक्स दोन इंची गोल पाईपइतकाच जड असून वाकण्याला त्याच्या 80 टक्के आणि पिळाला जेमतेम 60 टक्के ताठ असतो. गोल पाईपचं तोंड कानशीने घासून बसवण्याची मेहनत वसूल होते.

"क्रोमोली ताठ असतं." नाही. ते मजबूत असतं, म्हणजे उशिरा कायमचं वाकतं. साधं माइल्ड स्टील असो वा क्रोमोली, दोघांचा स्थितिस्थापकता गुणांक (धातूच्या ताठपणाचं माप) 200 गिगापास्कलच्या आसपासच आहे. त्याच मापाचा पाईप बदलला तर लवणं तेवढंच राहील.

"गसेट मारा." लवणं पाईपच्या पूर्ण लांबीत पसरलेलं असतं, 50 मिमीचा तुकडा त्यात फारसा फरक पाडत नाही. उलट गसेट जिथे एकदम संपतो तिथे ताण साचतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. जोड मजबूत करायलाच गसेट हवा असेल तर टोक निमुळतं ठेवा.

सल्ल्यात न बोललेलं एक गृहीतक आहे: लवतोय तो पाईपच. हे आधी तपासा. पडद्याची अॅल्युमिनियमची नळी सीटजवळ मुख्य पाईपला घट्ट बांधा, तिचं मोकळं टोक बॉटम ब्रॅकेटपर्यंत (क्रँक जिथे फिरतो ती जागा) आणा आणि तिथे मोजपट्टीचा तुकडा चिकटवा. पुढचं चाक भिंतीला टेकवा, मागचा ब्रेक दाबून ठेवा, क्रँक (पेडलचा दांडा) उभा ठेवून सीटवरून पेडल रेटा; पट्टी दुसऱ्याने वाचावी. नळीवर भार नसल्याने ती सरळच राहते, म्हणून फ्रेम किती सरकली ते दिसतं. डाव्या आणि उजव्या पायाने वेगवेगळं बघा.

हलक्या रेट्यालाच टोक टक्कन सरकून थांबलं, तर ते लवणं नव्हेच. सरकत्या बूमच्या (पेडल धरणारा, मुख्य पाईपातून पुढे-मागे सरकणारा पाईप) क्लॅम्पमधली ढिलाई आहे. दोन पाईपांतली फट शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याने भरा (तो साधारण 0.1 मिमीचा असतो), आतला पाईप किमान व्यासाच्या दुप्पट आत ठेवा, आणि क्लॅम्पच्या चिरेच्या शेवटी 5 मिमीचं भोक पाडा, नाहीतर चीर पुढे फाटत जाते.

बॉटम ब्रॅकेट जागेवर आणि सीटची पाठ मागे जातेय? मग दोष सीटच्या आधाराचा. पायाचा सगळा रेटा पाठीवर उलटतो, आणि 25 × 3 ची चपटी पट्टी तो पेलत नाही. तिथे 16 मिमीचे दोन पाईप, वर पाठीशी आणि खाली मागच्या ड्रॉपआउटजवळ (चाकाचा आस बसतो ती खाच), त्रिकोणात जोडा.

रेट्याबरोबर सरक वाढतच गेली, तरच पाईप दोषी. तेव्हाही आधी बूम आखूड करा: सीट पुढे घेऊन बाहेर आलेली लांबी 350 वरून 300 मिमी केली की लवणं किमान चतुर्थांश कमी होतं. मग चेन बघा. 170 मिमी क्रँक आणि पुढच्या चक्रीला 42 दात असताना चेनमधला ताण पेडलच्या जोराच्या दुप्पट असतो. कसारा घाट चढताना 30 दातांवर गेलात की 2.8 पट. ओढणारी चेन मुख्य पाईपपासून जितकी लांब, तितकी ती पाईप वाकवते. आयडलर (चेनला वाट देणारी मोकळी फिरणारी चक्री) पाईपला जमेल तितका लगटून बसवा आणि चेनला त्यावर कमीत कमी वळण द्या: 1000 न्यूटन ताणाला 20 अंशांचं वळण दिलं तर आयडलरच्या बोल्टवर जवळपास 350 न्यूटन येतात, आणि त्याचा ब्रॅकेट पातळ असेल तर पहिल्यांदा तोच वाकतो.