‘लूट’ म्हणण्याआधी पाळणाघराचा हिशेब बघा

पाळणाघर बंद करायचं तर पालकांनी चार आठवडे आधी नोटीस द्यावी, नाहीतर तेवढ्या दिवसांची फी भरावी, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. “मूल येणारच नसेल तर चार आठवड्यांचे पैसे कशाचे घेता? ही पालकांची सरळ लूट आहे,” असं तुम्ही लिहिलंय. मत वेगळं असायला हरकत नाही. पण दिवसभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळणाऱ्या बाईला लुटारू ठरवायचं, तेही नाव न लिहिता, हे काही बरं नव्हे. इतकी वर्षं घरात पाळणाघर चालवतेय, त्या बळावर बोलतेय. ऐकीव माहितीवर नाही.

पैसे कशाचे ते सांगते. सहा मुलांच्या पाळणाघरातून एक मूल उद्यापासून बंद झालं की उत्पन्नाचा सहावा हिस्सा गेला. मुलं पाच झाली म्हणून मदतनीस बाईंचा पगार कमी होत नाही. आणि रिकामी जागा कुणीही येऊन भरत नाही. चार वर्षांचं मूल गेलं आणि चौकशीचे फोन सगळे तान्ह्या बाळांचे असले, तर ‘हो’ म्हणता येत नाही, कारण आधीच दोन तान्ही असताना तिसरं घेतलं की रांगणाऱ्यांकडे बघायला कुणी उरत नाही. योग्य वयाचं मूल मिळालं तरी आईवडील येऊन बघून जाणार, घरी विचार करणार, कागद भरणार. मग मुलाची सवय: पहिले दोन दिवस आईसोबत तासभर, मग एकट्याने दोन तास, मग जेवणापर्यंत. ते पूर्ण वेळ बसेपर्यंत तीन-चार आठवडे सहज जातात. चार आठवड्यांची नोटीस तिथून आलीय.

म्हणूनच प्रवेशाच्या वेळी तेवढ्याच फीची अनामत घ्यायची आणि ती शेवटच्या चार आठवड्यांत वळती करायची. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. मधल्या थकबाकीला अनामत वापरली की शेवटी हातात काही राहत नाही. आणि फी वाढवली पण अनामत जुनीच राहिली, तर फरकावरून दारात वाद. नोटीसही तारखेसह लेखी हवी, मोबाइलवरचा मेसेज चालेल. “पुढच्या महिन्यापासून बहुतेक नाही येणार” ही नोटीस नव्हे. मेसेज आला की त्याच दिवशी उलट कळवायचं: नोटीस मिळाली ती तारीख, शेवटचा दिवस, अनामत वजा जाता बाकी.

एक मान्य. नोटिशीच्या काळातच जागा भरली, तर त्या दिवसापासूनची फी परत करायला हवी. एका जागेचे दोघांकडून पैसे घेणं बरोबर नाही. पहिल्या दोन आठवड्यांत मूल रुळलं नाही, किंवा घरात आजारपण आलं, नोकरी गेली, तर नोटीस मागू नये हे लेखात होतंच. शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं.



आणि मुलाचं काय? नोटीस असली की शेवटच्या आठवड्यात त्याला रोज सांगता येतं, “शुक्रवारपर्यंत इथे, मग नवीन शाळा.” झोपायची चादर, बाटली, जादा कपडे त्याच्याच हातांनी पिशवीत भरून घेता येतात. सोमवारी अचानक बंद केलेल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. हे तुमच्या हिशेबात कुठे धरलंय?