डिप्रेशनची गोळी आणि दाताचं इम्प्लांट : त्या निरोपात काय चुकलं आहे

गेल्या महिन्यात एक काकू माझ्या दातांच्या दवाखान्यात आल्या. खालची दाढ वर्षापूर्वी काढलेली, तिथे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर कृत्रिम दात, बसवायचं होतं. चक्कर येत होती, तीन रात्री झोप नव्हती. खोदून विचारलं तेव्हा कळलं, डिप्रेशनची गोळी त्यांनी दहा दिवसांपूर्वी मनानेच बंद केली होती. कारण मोबाइलवर फिरणारा एक निरोप. त्याचं म्हणणं असं : या गोळ्या घेणाऱ्यांचं इम्प्लांट सहापट जास्त निकामी होतं, म्हणून त्यांनी ते करूच नये, करायचंच तर महिनाभर आधी गोळ्या बंद कराव्यात, आणि दंतवैद्याला गोळ्यांचं सांगू नये, तो नकार देतो.

‘सहापट’ हा आकडा हवेतून आलेला नाही, हे आधी मान्य करतो. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली ४९० रुग्णांच्या ९१६ इम्प्लांटच्या नोंदी तपासल्या. एसएसआरआय गटातल्या, म्हणजे एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची ९४ इम्प्लांट होती. त्यांतली १० निकामी झाली. गोळ्या न घेणाऱ्यांच्या ८२२ पैकी ३८. म्हणजे १०.६ टक्के विरुद्ध ४.६ टक्के. साधा हिशेब केला तर हा फरक दुपटीहून थोडा जास्त भरतो. सहाचा आकडा येतो तो इतर घटक आणि काळ जमेस धरून केलेल्या सांख्यिकी गणितातून, आणि तोही अवघ्या दहा निकामी इम्प्लांटवर उभा आहे. निरोपात जे मुळीच येत नाही ते हे, की गोळ्या चालू असताना बसवलेल्या ९४ पैकी ८४ इम्प्लांट टिकली. याला ‘करूच नये’ म्हणत नाहीत.

धोका खोटा आहे असं मी म्हणत नाही. एसएसआरआय गोळ्या सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनावर काम करतात. त्याचा संबंध मेंदूशी आहे तसाच हाडाशीही आहे. हाड बांधणाऱ्या आणि झिजवणाऱ्या पेशींवर त्याचा संदेश पकडणाऱ्या जागा (रिसेप्टर) असतात. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. तेवढ्या काळात हाडाची घडण मंदावली तर स्क्रू सैल राहू शकतो. पण जुन्या नोंदींच्या अभ्यासातून गोळीचा परिणाम किती आणि आजाराचा किती, हे पूर्ण वेगळं करता येत नाही. डिप्रेशनमध्ये माणूस ब्रश करायचा थांबतो, नीट जेवत नाही, सिगारेट वाढते. त्याच अभ्यासात धूम्रपान आणि कमी जाडीचा स्क्रू यांचाही निकामी होण्याशी संबंध दिसला होता. तंबाखूबद्दल असा निरोप मला अजून एकदाही आलेला नाही.

आता गोळी बंद करण्याचं. मला सर्वात जास्त राग याचाच येतो. महिनाभर गोळी थांबवल्याने इम्प्लांट टिकतं, असा पुरावा नाही. हाड जुळायला लागणारे महिने तर स्क्रू बसवल्यानंतरच सुरू होतात! उलट गोळी एकदम तोडली की चक्कर, मळमळ, चिडचिड, अंगात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं सुरू होऊ शकतं, आणि आजार उलटू शकतो. दाढेच्या फटीपायी कुणी आत्महत्येच्या विचारांपर्यंत परत जाऊ नये. डोस बदलायचा की नाही हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. मी नाही, आणि तुमचा नातेवाईकही नाही.

दंतवैद्यापासून गोळी लपवणं तर सरळसरळ धोक्याचं आहे. एसएसआरआयवर असलेल्या माणसाला डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन दिलं तर रक्तस्राव वाढू शकतो. ट्रॅमाडॉल दिलं तर शरीरात सेरोटोनिन घातक पातळीला जाऊ शकतं. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्यांवर असलात तर भुलीच्या इंजेक्शनमधलं अ‍ॅड्रेनालिन मला जपून वापरावं लागतं. या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, मग हिरड्या बिघडतात. एसएसआरआयने काहींना झोपेत दात खाण्याची सवय लागते, आणि तो दाब इम्प्लांटवर येतो. तसं असेल तर रात्री घालायचं गार्ड करून देता येतं, पण मला माहीत असेल तरच. म्हणून गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा, केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्टही.

काकूंना मी त्याच दिवशी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी पुन्हा सुरू झाली, झोप परतली. हाडाचा स्कॅन चांगला आला आहे. पुढच्या महिन्यात स्क्रू बसवू, आणि वरची कॅप घाई न करता, हाड जुळल्याची खात्री झाल्यावरच.