डॉल्फिन तेव्हा झोपलेले असतात हो!

काल सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगमधल्या एका ताईंचा मेसेज आला. दिवाळीत मॉरिशसला चालल्यात. "तुम्ही मागच्या वर्षी जाऊन आलात ना? डॉल्फिनसोबत पोहायचं बुकिंग कुणाकडे केलं होतंत?" मी लिहिलं, बोटीतून बघा, पाण्यात उतरू नका. त्यावर तीन हसऱ्या इमोजी आणि, "एवढे पैसे घालून बोटीतच बसायचं का हो?"

ग्रुपवर वाद नको, म्हणून इथे लिहितेय.

आधी कबुली देते. मी उतरले होते. टॅमरिनचा उपसागर, सकाळी साडेसातची वेळ. आमच्या आजूबाजूला आधी दोन बोटी होत्या, मग पाच झाल्या, मग मी मोजायचं सोडलं. बोटवाला कळपाच्या पुढे जाऊन बोट आडवी घालायचा आणि ओरडायचा, "जंप! जंप!" लाइफ जॅकेट कानापर्यंत वर आलेलं, तोंडात खारं पाणी, नाकात डिझेलचा वास. खाली दोन-तीन करड्या पाठी दिसल्या आणि आईच्या कुशीला चिकटलेलं एक पिल्लू. मी दोन हात मारेपर्यंत गायब. परत शिडी, परत पाठलाग, परत जंप. असं चार वेळा. लेकीच्या व्हिडिओत ४२ सेकंद नुसता फेस आहे आणि कुणाचे तरी पिवळे फिन्स.

घरी येऊन वाचलं आणि लाज वाटली. हे स्पिनर जातीचे डॉल्फिन रात्रपाळीवाले. अंधार पडला की खोल पाण्यातून वर येणारे छोटे मासे, माकूळ यांच्या मागे रात्रभर असतात. उजाडलं की किनाऱ्याजवळच्या उथळ, वाळूच्या तळाच्या पाण्यात येतात आणि एकमेकांना धरून संथ पोहत राहतात. तीच त्यांची झोप. श्वासाला वर यावंच लागतं, म्हणून अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा जागा राहतो. म्हणजे आपण काय केलं? ऐरोलीच्या आयटी पार्कातून रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या बेडरूममध्ये सकाळी आठला सहा रिक्षा घुसवल्या, वर त्याच्यासोबत सेल्फी मागितला. हवाईत याच कारणासाठी २०२१ पासून स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ४५ मीटरच्या आत, जायला बंदी आहे. पोहत नाही आणि बोटीतूनही नाही.

"पण ते स्वतःच जवळ येतात," असं एक जण म्हणालेच. येतात ना. बोटीच्या नाकापुढच्या लाटेवर मजेत खेळतात, कंटाळले की निघून जातात. तिथे मर्जी त्यांची असते. आडवी बोट घालून त्यांच्या डोक्यावर उड्या मारणं वेगळं.

पाण्यात उतरणंच पाप आहे, असंही माझं म्हणणं नाही. मालदीवच्या हनिफारू बेमध्ये मँटा रे नावाचे मोठे चपटे मासे प्लवक, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, खायला गोळा होतात. तिथे सिलिंडर लावून खाली जायचं स्कूबा बंद आहे, फक्त नळीने श्वास घेत वर तरंगायचं स्नॉर्केलिंग, तेही नियमात राहून. असं असेल तर खुशाल जा.

मला जास्त टोचलं ते वेगळंच. आपल्या नेरुळच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो का येतात? भरतीला ठाणे खाडीचा चिखल पाण्याखाली जातो, खाणं बंद होतं, म्हणून टेकायला येतात. तिथे कुणी ड्रोन उडवला की त्यांची गुलाबी रांग आधी चार पावलं पळते आणि मग सगळीच्या सगळी उठते. मागच्या मार्चमध्ये अशा एका पोराला मी भर रस्त्यात झापलंय. "अरे, विश्रांतीला आलेत ते!" आणि तीच मी टॅमरिनला शिडीवर रांगेत, पुढच्या बाईला "चला लवकर, गेले बघा" म्हणत उभी!

बोटवाल्यांच्या पोटाचं काय, हा प्रश्न खरा आहे. पण पन्नास मीटरवर इंजिन बंद करून उभं राहिलं तरी तिकीट तेवढंच घेता येतं. ऐरोलीची फ्लेमिंगो सफर बोटीत बसूनच होते, तिथे कुणी चिखलात उडी मागत नाही.

आत्ताच त्या ताईंचा पर्सनलवर मेसेज आला. "बरं, नाही उतरत. पण नुसतं बोटीत बसून मळमळतं का हो?"

मळमळतं. निघायच्या अर्धा तास आधी गोळी घ्या.